सुपातला खडा

डाळ तुरीची होती, किलोभर. पिशवीवर ठळक अक्षरांत ‘सॉर्टेक्स क्लीन’ छापलेलं. पांढरकवड्याच्या मावशीनं पिशवीचा कोपरा दातानं फाडला आणि सगळी डाळ सुपात ओतली. मी म्हटलं, “मावशी, ही निवडलेलीच असते. यंत्रातून काढतात.” तिनं मान वर केली नाही. “असन बावा,” म्हणाली, “मी काई त्याले निवडताना पायलं नाई.”

मग तिचे हात सुरू झाले. आधी चार-पाच झटके. डाळ सुपाच्या पुढच्या कडेपर्यंत उडायची, आता सांडणार असं वाटेस्तोवर पुन्हा मागे येऊन बसायची. मग सूप किंचित तिरकं धरून डावी-उजवीकडे घोळवणं. शेवटी सूप मांडीवर टेकवून डाळ पसरायची आणि बोटांच्या टोकांनी थोडी थोडी पुढे सारायची. हे सगळं चालू असताना नजर रस्त्यावर, तोंड शेजारणीशी. न बघता कसं कळतं, असं विचारलं तर म्हणाली, “खडा डोयाले दिसत नाई, हाताले लागते.”

माझ्या डोक्यात त्या आठवड्यात एक शब्द घोळत होता: विवेक. एका लेखासाठी तो हवा होता आणि त्याच्याविषयी सांगण्यासारखं काही सुचत नव्हतं. मावशीचं सूप बघता बघता एकदम ध्यानात आलं की ‘घोळत होता’ असं आपण म्हणतो. डाळ सुपात घोळते, शब्द डोक्यात घोळतो. घरी आलो, कोश उघडले आणि पुढचे काही दिवस त्यातच गेले.

संस्कृतात ‘विच्’ नावाचा धातू आहे. अर्थ वेगळं करणं. आणि जुन्या वापरात, विशेषकरून, धान्य पाखडून दाण्यापासून कोंडा वेगळा करणं. त्याला ‘वि’ हा उपसर्ग लागला आणि ‘विवेक’ तयार झाला. ज्या शब्दावर वेदान्त्यांनी ग्रंथ रचले, समर्थ रामदासांनी ज्याचा दासबोधात पदोपदी आग्रह धरला, शाळेच्या भिंतींवर जो सुविचार म्हणून रंगवलेला असतो, तो शब्द खळ्यावरून आलेला आहे. त्याच्या अंगावर अजून भुसा आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात वाणीविषयी एक सूक्त आहे. त्यात शहाणी माणसं मनानं शब्द कसे घडवतात हे सांगताना कवीला उपमा सुचते ती सातूचं पीठ गाळून घेण्याची. तिथला ‘तितउ’ म्हणजे चाळण की सूप, यावर भाष्यकारांचं एकमत नाही. माझ्या दृष्टीनं ते दुय्यम. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या माणसाला विचाराची क्रिया समजावून सांगायची होती आणि त्यासाठी त्यानं स्वयंपाकघरात हात घातला, याचंच मला नवल वाटत राहिलं.

मराठी तर त्याच्याही पुढे गेली. धान्य ‘निवडतात’. त्याच क्रियापदापासून न्यायाचा ‘निवाडा’ झाला आणि लोकशाहीची ‘निवडणूक’ही झाली. उमेदवारी अर्जांची ‘छाननी’ होते. छानणं म्हणजे गाळणं. बरंवाईट बघणं म्हणजे ‘सारासार’ विचार, सार आणि असार यांची वेगवेगळी रास. न्यायालय, निवडणूक आयोग आणि माझी मावशी ही तिन्ही आपल्या भाषेच्या हिशेबानं एकाच धंद्यातली मंडळी आहेत. त्यांपैकी कोणाचं काम सर्वांत चोख होतं, हे वाचकांनी ठरवावं.

आणि गणपती. त्याच्या नावांत एक नाव ‘शूर्पकर्ण’ आहे. शूर्प म्हणजे सूप. सुपासारखे कान असलेला. परंपरेनं याचा अर्थ मोठा गमतीदार लावला आहे: ऐकावं सगळं, पण कान हलवत हलवत फोलपट बाहेर टाकावं आणि दाणा आत ठेवावा. कबीराच्या एका प्रसिद्ध दोह्यातही साधू सुपासारखा असावा असंच म्हटलेलं आहे. सूप आणि चाळणी यांत परंपरेनं सुपाला झुकतं माप दिलं, कारण चाळणी चांगलं खाली सोडून देते आणि कोंडा हातात ठेवते. सूप उलटं करतं.

आता हे सूप नेमकं काय करतं ते पाहायला हवं, कारण तिथे भौतिकशास्त्राची खरी मौज आहे. तीन बाजूंनी उचललेल्या कडा, चौथी उघडी, तळ पुढे उतरता. बस एवढंच. पाखडताना दाणा आणि फोलपट दोन्ही एकाच वेगानं वर उडतात. पण फोलपट हलकं आणि पसरट. त्याच्या वजनाच्या मानानं हवेचा अडथळा फार मोठा. दाणा भरीव, हवेला जुमानत नाही. म्हणून दाणा लवकर खाली येतो, फोलपट रेंगाळतं. तेवढ्या क्षणात मावशीचं मनगट सूप आपल्याकडे ओढून घेतं. दाणा सुपात पडतो, फोलपट अंगणात. सेकंदाच्याही अंशातलं हे काम ती शेजारणीच्या सुनेविषयी बोलता बोलता करते.

घोळवण्याची क्रिया वेगळी. चिवड्याचा डबा संपत आला की काय उरतं ते आठवा: तीळ, मीठ, मसाला, तुटके पोहे. कोणी मुद्दाम खाली घातलेले नसतात. डबा हलत राहतो तसतसे मोठ्या पोह्यांखाली पोकळ्या तयार होतात आणि बारीक कण त्यांत घरंगळत जातात. मोठे आपोआप वर चढतात. शास्त्रज्ञांनी याला ‘ब्राझील नट परिणाम’ असं भारदस्त नाव दिलं आहे. सूप घोळवलं की बारीक माती आणि वाळू अशीच तळाशी, मागच्या कोपऱ्यात गोळा होते.

पण खडा जर डाळीच्याच आकाराचा असेल तर? रंगही तसाच? वाऱ्याला तो दाद देत नाही, घोळवण्यालाही नाही. तो डाळीसारखाच उडतो, डाळीसारखाच खाली बसतो. त्याच्यासाठीच ती तिसरी क्रिया, बोटांनी चाचपण्याची. नीतीच्या प्रश्नांतही असंच असतं असं मला वाटतं. लाच घेऊ नये, कोणाला मारू नये, ही फोलपटं आहेत, फुंकरीसरशी उडतात. माणूस अडतो तो दाण्यासारख्या दिसणाऱ्या खड्यापाशी. म्हाताऱ्या बापाला खरं निदान सांगायचं की नाही? मित्राला कर्जाला जामीन राहायचं की नाही? तिथे झटका देऊन काही होत नाही.

तर मग आपल्या आतलं सूप कोण हलवतं? इंग्रजांचा ‘कॉन्शन्स’ हा शब्द लॅटिनमधून आला. त्याचा मूळ अर्थ ‘सोबत जाणणं’. आत कोणीतरी साक्षीदार बसलेला आहे आणि तो सगळं पाहतोय, अशी ती कल्पना. सॉक्रेटिस म्हणायचा की लहानपणापासून मला आतून एक खूण मिळते. आणि ती खूण कधी ‘हे कर’ असं सांगत नाही, फक्त ‘नको’ म्हणते. इसवी सनापूर्वी ३९९ मध्ये अथेन्सच्या न्यायालयात त्याला मृत्युदंड झाला. त्यानंतर त्यानं सांगितलं की आज इथे येताना ती गप्प राहिली, म्हणजे जे होणार आहे ते वाईट नसावं. त्याला मृत्युदंड झाला. ही आतली खूण सुपासारखीच आहे. दाणे पेरणं, दळणं, शिजवणं तिच्याकडे नाही. बाहेर टाकणं तेवढं आहे.

मराठीत याला जो शब्द आहे तो उच्चारायलाच दम लागतो: सदसद्विवेकबुद्धी. सत् आणि असत् यांची पाखडणी करणारी बुद्धी. या शब्दाची सर्वांत कठोर तपासणी लोकमान्य टिळकांनी केली, मंडालेच्या तुरुंगात, १९१०-११ च्या हिवाळ्यात, पेन्सिलीनं लिहिलेल्या ‘गीतारहस्या’त. पुस्तक छापून आलं १९१५ मध्ये. त्यातलं सहावं प्रकरण वाचावं अशी मी आग्रहानं शिफारस करीन. लोक पहिलं आणि शेवटचं वाचतात आणि हे सोडतात. पाश्चात्त्यांमधला एक पंथ म्हणत होता की माणसाच्या आत बरंवाईट सांगणारी एक स्वतंत्र देवताच आहे, तिला विचारा, ती चुकत नाही. टिळकांना हे पटत नाही. शरीर हा एक कारखाना धरा, असं ते सांगतात; इंद्रियांच्या दारांतून माल आत येतो, मन तो कारकुनासारखा नीट मांडून ठेवतं आणि निर्णय बुद्धी करते. ही बुद्धी एकच आहे. हिशेब तीच करते, काळंपांढरं तीच ओळखते, धर्म-अधर्मही तीच ठरवते. त्यासाठी दुसरी देवता कशाला? फक्त ती बुद्धी शुद्ध आणि स्थिर हवी, आणि ती आपोआप तशी नसते. सवयीनं, संस्कारानं, अभ्यासानं होते. माझी मावशी टिळकांच्या पक्षाची निघाली, हे पाहून मला बरं वाटलं. हाताला खडा लागतो, कारण हातानं चाळीस वर्षं खडे काढलेत.

टिळकांना मानणारा एक माणूस याच मुलुखातला. मावशीचं पांढरकवडा ज्यात येतं त्या केळापूर तालुक्याला लागून वणी तालुका आहे. कोळशाच्या खाणींमुळे आज वणीचं नाव निघतं; एकेकाळी सगळा जिल्हाच तिच्या नावानं ओळखला जायचा, केळापूर त्यातलाच एक तालुका होता, आणि १९०५ मध्ये त्याचा यवतमाळ जिल्हा झाला. त्या वणीत २९ ऑगस्ट १८८० रोजी माधव श्रीहरी अणे जन्मले. लोक त्यांना बापूजी म्हणत, पुढे लोकनायक म्हणू लागले.

१९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह सुरू झाला तेव्हा वऱ्हाडापुढे प्रश्न पडला: इथे समुद्र कुठला? मीठ कसं उचलणार? पण जंगल होतं, आणि जंगलाचे कायदे होते. पिढ्यान्‌पिढ्या जिथून गुरांसाठी चारा आणला तिथलं गवत कापणं गुन्हा ठरलेला होता. १० जुलै १९३० रोजी पुसदजवळ राखीव जंगलात जाऊन बापूजी अण्यांनी गवत कापलं. पन्नाशीला आलेला वकील माणूस, संस्कृतचा पंडित, हातात विळा. कापलेल्या गवताची किंमत काय असेल ती असो, त्यासाठी ते तुरुंगात गेले आणि जंगल सत्याग्रह वऱ्हाडभर पसरला.

इथेच गोष्ट संपली असती तर ती शाळेच्या धड्यासारखी झाली असती. पण पुढे १९४१ मध्ये हेच अणे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात जाऊन बसले. काँग्रेस बाहेर होती. लोकांना हे कसं वाटलं असेल त्याची कल्पना करा. ज्या सरकारचं गवत चोरून कापलं, त्याच सरकारच्या मंडळात खुर्ची. अण्यांचा हिशेब टिळकांचाच होता: सरकारच्या हातून जे मिळेल ते घ्यावं, उरलेल्यासाठी भांडावं. मग १० फेब्रुवारी १९४३ ला पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असलेल्या गांधीजींनी एकवीस दिवसांचा उपवास सुरू केला. सरकार त्यांना सोडायला तयार नव्हतं. आठवडाभरानं मंडळातल्या होमी मोदी, नलिनी रंजन सरकार आणि अणे या तिघांनी राजीनामे दिले आणि ते बाहेर पडले.

गांधीजी ‘आतला आवाज’ मानणारे. १९३३ च्या मे महिन्यातल्या उपवासाआधी तो आवाज आपण स्पष्ट ऐकला असं त्यांनी सांगितलं होतं. टिळक अशा आवाजाला बुद्धीपुढे उभं करणारे. अणे दोघांमध्ये उभे होते. खुर्चीवर बसले ते टिळकांच्या न्यायानं. उठले ते कोणाच्या, हे मला आजही नीट ठरवता येत नाही. त्यांच्यावर धरसोडीचा आरोप करणं सोपं आहे. मला वाटतं, १९३० मध्ये दाणा होता तो १९४१ मध्ये त्यांना दाणा वाटला नसेल, आणि १९४३ मध्ये हाताला खडा लागला. म्हातारपणी त्यांनी टिळकांवर संस्कृतात ‘तिलकयशोर्णव’ हे प्रचंड काव्य रचलं. २६ जानेवारी १९६८ रोजी ते गेले. त्या काव्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तो १९७३ चा, त्यांच्या पश्चात.

गवतावरून पुन्हा सुपाकडे येतो, कारण सूपही गवताचंच असतं. बांबू हे वनस्पतिशास्त्राच्या लेखी गवत. गहू, ज्वारी, ऊस यांचा भाऊबंद. पण १९२७ च्या भारतीय वन कायद्यानं त्याला झाड ठरवून टाकलं. त्यामुळे स्वतःच्या बांधावरचा बांबू तोडून नेतानाही परवान्याची कटकट. ही चूक दुरुस्त व्हायला २०१७ साल उजाडावं लागलं, आणि तीही जंगलाबाहेरच्या बांबूपुरती. नव्वद वर्षं कायद्याला गवत आणि झाड निवडता आलं नाही. हे मी मावशीला सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदा सूप खाली ठेवून हसली.

केळापूर हे गाव पांढरकवड्याच्या जवळच, नागपूर-हैदराबाद महामार्गालगत. तालुक्याला नाव या गावाचं, तहसील कचेरी मात्र पांढरकवड्यात. नवख्या माणसाचा हमखास गोंधळ होतो. गावात जगदंबेचं जुनं देऊळ आहे, नवरात्रात तिथे पाय ठेवायला जागा नसते. दक्षिणेला पैनगंगा ओलांडली की तेलंगणा. आणि या सगळ्या पट्ट्यात, माळांवर, जंगलाच्या कडेला कोलामांची पोडं आहेत. कोलाम वस्तीला पोड म्हणतात. महाराष्ट्रातल्या तीन आदिम जमातींपैकी ही एक; दुसऱ्या दोन कातकरी आणि माडिया गोंड. त्यांची कोलामी बोली द्राविडी कुळातली. मरी एमेनो या भाषाशास्त्रज्ञानं तिचा सविस्तर अभ्यास १९५५ मध्ये प्रसिद्ध केला. बांबूच्या टोपल्या, तट्टे, सुपं विणणं हा कोलामांचा जुना उद्योग. कोवळा बांबू चिरायचा, कामट्या सोलून कागदासारख्या पातळ करायच्या, आडव्या-उभ्या विणायच्या, कडेला जाड पट्टी बांधायची. घरी आणल्यावर बाया सूप शेणानं किंवा मेथीच्या लगद्यानं सारवून घेतात, म्हणजे फटी बुजतात आणि राळ्याचा दाणाही निसटत नाही.

कोलामांविषयी एक गोष्ट मला सर्वांत विलक्षण वाटते. शेजारचे गोंड त्यांच्यापेक्षा संख्येनं आणि जमिनीनं कितीतरी मोठे, एकेकाळचे राजे. पण गावच्या जुन्या देवांची पूजा करायची तर गोंड कोलामाला बोलावतात. त्याला ते ‘पुजारी’ म्हणूनच ओळखतात. कारण हा या भूमीवर आपल्याआधी आला, इथल्या देवांची त्याला जास्त ओळख, अशी समजूत. आदिलाबादच्या गोंडांमध्ये वर्षानुवर्षं राहिलेल्या फ्यूरर-हाइमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञानं हे नोंदवून ठेवलं आहे. सत्ता एकाकडे, शहाणपण दुसऱ्याकडे, आणि सत्तावाल्याला ते मान्य! आपल्याकडे हे सहजी दिसत नाही.

पोडाच्या मधोमध चावडी असते. भांडण झालं की तिथे बसायचं. नाईक, महाजन आणि जाणती माणसं दोन्ही बाजू ऐकतात. तिथे आरोपी, फिर्यादी आणि न्यायाधीश रोज एकाच विहिरीवर पाणी भरणारे असतात. खोटं बोलून सुटलेल्या माणसाला उद्या सकाळी त्याच लोकांत उठायचं असतं. आपल्याकडे म्हण आहे, जनाची नाही तर मनाची तरी. तिच्यात लाजेची दोन कोठारं धरली आहेत: एक लोकांत, एक आत. पहिलं रिकामं झालं तर दुसऱ्यातून काढा. लहान वस्तीत ही दोन कोठारं अगदी लागून असतात. ॲडम स्मिथ, ज्याला सगळे अर्थशास्त्राचा जनक म्हणून ओळखतात, त्यानं १७५९ च्या आपल्या नीतीवरच्या पुस्तकात असंच काहीसं मांडलं: लोक आपल्याकडे बघतात ते पाहून पाहून आपण आतच एक निःपक्षपाती प्रेक्षक तयार करतो, आणि मग एकटे असतानाही तो बघत राहतो. जनाचं मन होण्याची ही प्रक्रिया. आपली भाषा त्या प्रेक्षकाला फार शांत बसू देत नाही. ‘मन खातं’ असं आपण म्हणतो. खातं. घुशीसारखं.

मराठेशाहीतल्या न्यायसभांनी या खाणाऱ्या मनाचा चतुराईनं उपयोग केला. साक्षी-पुराव्यांनी निकाल लागेना की दिव्याची, म्हणजे देवाच्या कसोटीची, पाळी यायची. त्यातलं प्रसिद्ध म्हणजे रवादिव्य. उकळत्या तेला-तुपात धातूचा तुकडा टाकायचा आणि त्या माणसानं तो हातानं बाहेर काढायचा. आधी हात धुऊन नखं काढायची, नंतर हातावर पिशवी बांधून मोहोर करायची, आणि ठरल्या दिवशी उघडून बघायचं: जखम आहे की नाही. आज आपल्याला हे अमानुष वाटतं, आणि आहेच. पण थांबा. मध्ययुगीन हंगेरीत अशाच तापल्या लोखंडाच्या दिव्यांची नोंदवही सापडली आहे, १२०८ ते १२३५ या काळातली. शेवटपर्यंत पार पडलेल्या २०८ दिव्यांपैकी १३० जण निर्दोष सुटले. तापलेलं लोखंड हातात धरून जवळजवळ दोनतृतीयांश माणसं सुटतात कशी?

पीटर लीसन या अर्थतज्ज्ञानं याचं एक उत्तर सुचवलं आहे. देव खऱ्याला वाचवतो असा ज्याचा पक्का विश्वास आहे आणि जो खरोखर गुन्हेगार आहे, तो दिव्याला उभाच राहत नाही. कबूल करतो किंवा तडजोड करतो. निर्दोष तेवढे पुढे येतात. हे पुजाऱ्यांनाही ठाऊक, म्हणून लोखंड फार तापवायचं नाही याची सोय त्यांच्या हाती. म्हणजे निवड आधीच झालेली असायची. कढईपाशी पोचण्याआधी, ज्याच्या त्याच्या मनात. लीसनचं म्हणणं सर्वांना मान्य नाही. मला ते अर्धंअधिक पटतं. श्रद्धा आटली की हे सूप फाटतं, ही त्यातली अडचण.

आणि आणखी एक अडचण, आजची. मावशीचा हा मुलूख कापसाचा. इथे झाडाला पऱ्हाटी म्हणतात, बोंडातून वेचतात त्याला कापूस, आणि जिनिंगमध्ये सरकी काढली की उरते ती रुई. शंभर किलो कापसातून रुई निघते चौतीस-पस्तीस किलो. बाकी बहुतेक सरकी. बाहेर निघालेल्या त्या सरकीचंही तेल होतं, ढेप होते, गुरं ती खातात. पूर्वी तीच पुढच्या वर्षी पेरायचे. १९७० मध्ये एच-४ हा कापसाचा संकरित वाण आला, २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली, आणि बियाणं दर वर्षी विकत आणायची वस्तू झाली. बियाणं, खत, औषध, फवारणीचा पंप, मजूर, दुकानदार, सल्ला देणारा, परवाना देणारा अशी लांबलचक साखळी तयार झाली. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसेक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यांत भरती झाले. चौकश्या झाल्या. साखळीतल्या प्रत्येक कडीनं शेजारच्या कडीकडे बोट दाखवलं, आणि कागदोपत्री प्रत्येकाचं म्हणणं थोडंथोडं खरंही असेल.

सूप एका माणसाच्या दोन हातांच्या मापाचं असतं. दहा जणांनी मिळून एक सूप पाखडता येत नाही. चावडीत खोटं बोलणाऱ्याचं मन खात असेल, कारण ते खोटं पूर्ण त्याचं आहे. दहा कचेऱ्यांत विभागलेल्या चुकीचा एक-एक दाणा प्रत्येकाच्या वाट्याला येतो आणि तो कोणाच्याच दाताखाली येत नाही. दाताखाली येतो पंप पाठीवर घेऊन उभ्या असलेल्या माणसाच्या. जात्यातले रडतात, सुपातले हसतात, ही म्हण ज्यानं रचली त्यानं दळण जवळून पाहिलं असलं पाहिजे. नीतीच्या पुस्तकांनी एकट्या माणसाच्या मनाचा फार विचार केला. साखळीला मन कुठून आणायचं, याचा फार कमी केला. माझ्या लेखी हा आजच्या काळातला सर्वांत अवघड खडा आहे, नेमका डाळीच्या आकाराचा.

त्या दुपारी मावशीला मी सॉर्टेक्सचं यंत्र समजावून सांगितलं. तिला ते ऐकायचं होतंच. डाळ वरून धारेनं पडते, दोन्ही बाजूंना कॅमेरे असतात, रंगात जरा फरक दिसला की त्या दाण्यावर हवेचा नेमका फुत्कार सुटतो आणि तो बाजूला उडतो; सेकंदाला हजारो दाणे. मूळ एका कंपनीचं हे नाव, पण आता डाळीच्या पिशवीवर ते ‘स्वच्छ’ या अर्थानंच छापतात. “म्हंजे पाखडतेच ना?” ती म्हणाली. मी हो म्हटलं. “हवेनंच?” हवेनंच.

तिला पटलेलं दिसलं. त्या किलोभर डाळीत एकही खडा निघाला नाही. पुढच्या महिन्यात मी पुन्हा गेलो तेव्हा त्याच दुकानातली, तशीच छापील पिशवी होती, आणि डाळ सुपात होती.